आतली मास्तरीण

"डोळे मिटून ठेवा बाबा, अजिबात उघडायचे न्हाईत," असं बजावून नर्स पुढच्या म्हाताऱ्याकडं सरकली. थेंब आधी चरचरले, मग गार झाले, मग गालावरून ओघळून कॉलरीत गेले. भुजंग रुमाल चाचपत होता, तो यशश्रीनं, त्याच्या नातीनं, त्याच्या हातात कोंबला. जालन्यातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारी अडीच वाजता एका बाकड्यावर अकरा म्हातारे ओळीनं डोळे मिटून बसले होते. कुणी मधूनच कण्हायचं, कुणी घोरायचं. यशश्रीच्या हातातला फोन वाजला. तो आजोबाचाच फोन, तिनं सांभाळायला घेतलेला.

"आबा, अण्णासाहेबांचं आलंय. शाळेच्या स्मरणिकेतलं तुमचं पान. 'चार वाजता छपाईला जात आहे, चूक असल्यास कळवणे.' वाचू?"

"वाच की."

यशश्रीनं घसा साफ केला. "'माझी शाळा. लेखक, भुजंग रामकिसन साळवे, निवृत्त हेडक्लार्क, पाटबंधारे विभाग. आमच्या गावच्या शाळेत आम्ही सर्व जातिधर्मांची लेकरं एकाच छपराखाली मांडीला मांडी लावून शिकलो. मला अक्षर शिकवलं ते दीनानाथ गुरुजींनी. आज मी जो काही आहे…'"

"थांब. मागचं वाच."

"'मला अक्षर शिकवलं ते दीनानाथ गुरुजींनी.'"

"हे मी लिहिलेलं न्हाई."

"खाली नाव तुमचंच आहे आबा. फोटो पण आहे. टोपीतला. भारी दिसून राह्यलात."

शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून गावानं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा भुजंगनं चार पानं लिहून दिली होती. निळ्या शाईनं, एका बाजूला समास सोडून, रिटायर झाला तरी हात कचेरीचाच. त्या चार पानांत गावाखालच्या वेगळ्या शाळेची खोली होती, तिच्यात शिकलेली तेवीस लेकरं होती, आणि त्याची थोरली बहीण दैवशाला होती. ती चारही पानं खाऊन हे पान निपजलं होतं. पण मांडीला मांडी लावल्याची थाप ऐकून त्याला एवढं काही वाटलं नाही. गाव शंभर वर्षं थापाच मारत आलं, आता छापील मारणार, एवढाच फरक. काळजात घुसलं ते दुसरं वाक्य. कारण ते वाक्य पुस्तकाचं काम बघणाऱ्या अण्णासाहेबाचं नव्हतं, कुणा छापणाऱ्याचंही नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं. बासष्ट वर्षांपूर्वी, जून महिन्यात, मोठ्या शाळेच्या फळ्यासमोर उभं राहून तो अक्षर न् अक्षर तेच बोलला होता.

मिटल्या डोळ्यांपुढं लाल अंधार होता आणि त्यात खोली उभी राहिली. मातीची, पांढरीच्या गिलाव्याची, एका दाराची. गाव वर, महारवाडा खाली, आणि महारवाड्याच्याही खाली नाल्याकडच्या अंगाला ती खोली. निजामाच्या सरकारनं 'पस्त अक्वाम' लोकांच्या लेकरांसाठी म्हणून ती काढलेली. पस्त म्हणजे खाली पडलेले. कुणी पाडले ते सरकारी कागदात लिहायची रीत नव्हती. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, झेंडा बदलला, दारावरची पाटी बदलली, आणि खोली होती तिथंच राहिली. भुजंगचा बाप रामकिसन तिच्यात दुसरीपर्यंत शिकला, आणि वीस वर्षांनी भुजंगही तिच्यातच जाऊन बसला. तेव्हा जालना जिल्हासुद्धा झालेला नव्हता. कचेरीचं काम म्हटलं की भोकरदन, आणि लईच मोठं म्हटलं की औरंगाबाद.

दीनानाथ गुरुजी सकाळी दहाला यायचे, धोतर सावरत, काळी छत्री उघडून. दारापासून नऊ पावलांवर थांबायचे. कुणी खडूनं रेघ मारलेली नव्हती, पण रोज नऊच पावलं. तिथून ते आत कधी आले नाहीत. तिथूनच ओरडून शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर जीव तोडून शिकवायचे. त्यांचा आवाज नाल्यापलीकडच्या शेतात जायचा. पलीकडं निंदणाऱ्या बायांना पावकीनिमकी पाठ झाली होती. लेकरं आतून पाट्या डोक्यावर धरायची, आणि गुरुजी छत्रीखालून डोळे बारीक करून तपासायचे. लांबून दिसावं म्हणून सगळी लेकरं थोराड अक्षर काढायची. एका पाटीत एकच अक्षर, म्हशीएवढं. एकदा धर्मराजनं पाटी उलटी धरली. गुरुजी नऊ पावलांवरून म्हणाले, "शाब्बास!" आख्खी खोली तोंडात बोळा कोंबून हसली. फक्त अक्का हसली नाही. ती धर्मराजजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "गुरुजीला चाललं आसंल. मला न्हाई चालत. पूस."

अक्का, म्हणजे दैवशाला. भुजंगपेक्षा पाच वर्षांनी मोठी. अक्षर काही ओरडून शिकवता येत नाही. ओरडून पाढे येतात, कविता येते, देशाची राजधानी येते. पण चार वर्षांच्या लेकराच्या मुठीत पेन्सिल कशी बसवायची, ती कुठं दाबायची, कुठं उचलायची, याला हात लागतो. आणि गुरुजींचा हात नऊ पावलं लांब होता. मग एक दिवस त्यांनीच बाहेरून हाक मारली, "ए पोरी, तुला येतंय वाटतं. सांग बरं त्यांना." तिला येत होतं. बापानं तिला चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून बाहेर गुरुजी आणि आत अक्का. बाहेरून 'ग' आला की आत ती एकेकाचा हात धरायची. तिची स्वतःची रीत होती, कुठल्या ट्रेनिंगात नसलेली. "ग म्हंजे खुट्याला अडकिवलेला इळा. ठ म्हंजे शिंक्यातलं गाडगं. आन ळ म्हंजे एका जुवाला दोन बैल, भुजंगा, एक बैल मोठा आन एक बारका काढला तं औत वाकडं जाईल." तिच्या हाताला ज्वारीच्या पिठाचा वास असायचा, आणि पिठाखाली शेणाचा. तिचा श्वास कानाशी यायचा. तिनं मूठ धरली की पेन्सिल आपोआप वळायची, आणि वळण पूर्ण झालं की ती मूठ सोडायची, पण लगेच नाही, एक क्षण थांबून. त्या एका क्षणासाठी भुजंग मुद्दाम चुकायचा.

पुढं चौतीस वर्षं नोकरीत, दर महिन्याला सही करताना, 'साळवे'तल्या ळला त्याला ते दोन बैल दिसले.

या आठवणीचं काय करावं हे त्याला कधी कळलं नाही. चळवळीच्या बैठकीत तो बसायचा, वेगळ्या शाळेचा विषय निघायचा, आणि बोलणारा म्हणायचा, तो माणुसकीला काळिमा होता. भुजंग टाळी वाजवायचा. टाळी खरीच असायची. आणि त्याच वेळी त्याच्या तोंडाला खोलीतल्या घागरीचं पाणी यायचं, नव्या मातीच्या वासाचं. त्या घागरीतून कुणीही, कधीही, कितीदाही प्यायचं. कुणाची आडकाठी नाही, कुणी वरून ओतत नाही. पोरगा संघपाल एकदा चिडून म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला गुलामीची आठवण येऊन राह्यली. डोकं ठिकाणावर आहे का?" पोरगा बरोबर होता. पण पोरगा त्या खोलीत बसलेला नव्हता. ती खोली गावानं आपल्या अंगाला विटाळ लागू नये म्हणून केली होती, हे खरं. आणि तिच्या आत गावाचा एक माणूस पाऊल टाकत नव्हता, म्हणून ती पुरी आतल्या लेकरांची होती, हेही तेवढंच खरं. तिथं कुणी कुणाला जात विचारली नाही. वेगळ्या शाळेत भुजंगला कधी वेगळं बसवलं नाही. वेगळं बसवलं ते एकत्र शाळेत.

"आबा, काय कळवू त्यांना? तीन वाजत आले."

"थांब जराशी."

घोटाळा बापानं केला होता. आणि तो घोटाळा त्याच्यासारखाच बाप करू जाणे. एका वर्षी गुरुजी रजिस्टर घेऊन आले, नऊ पावलांवर थांबले, आणि महारवाड्यातल्या एकेका बापाला बोलावून लेकरांची नावं लिहू लागले. रामकिसनची पाळी आली. भुजंगचं नाव झालं. गुरुजी म्हणाले, "पोरीचंही घालू का?" गावाची येसकरकी करणारा, पाटलाच्या दारात जोडे हातात घेऊन उभा राहणारा रामकिसन त्या दिवशी ताठ उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, ती तं शिकविती. शिकणाराच्या यादीत तिला कशाला घालता? मास्तराच्या यादीत येईल तवा येऊ द्या तिचं नाव." गुरुजी म्हणाले, "बरं." एवढंच, बरं. मास्तराची यादी कुठं असते, तिच्यात नाव कसं जातं, आणि बारा वर्षांच्या महाराच्या पोरीचं जातं का, हे गुरुजींना ठाऊक होतं. सांगायला त्यांना मिनिट लागलं असतं. रामकिसन घरी आला तो हवेवर चालत. आईला म्हणाला, "आपली दैवशी मास्तरीण झाली." आईनं त्या दिवशी पोळ्या केल्या. भुजंगला पोळीची चव अजून आठवते, आणि आठवली की घास वर येतो.

जिल्हा परिषदा आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी हुकूम आला की वेगळी शाळा बंद, सगळी लेकरं मोठ्या शाळेत. अक्कानं भुजंगचे केस पाणी लावून चापून बसवले, त्याची पाटी आपल्या पदराला पुसली आणि त्याला हाताला धरून वर गावात घेऊन गेली. ओसरीवर हेडमास्तर रजिस्टर वाचत होते. तेवीस नावं वाचली, तेवीस लेकरं आत गेली. अक्का उभीच. "हिचं नाव नाही," हेडमास्तर म्हणाले. "शाळेत न गेलेली पोर सहावीत कशी घेऊ?" बाप मागून पुढं आला, टोपी काढून म्हणाला, "सायब, ती शिकवायला व्हती." आधी एक मास्तर हसला. मग दुसरा हसला. मग ओसरीवर टेकलेले गावातले चार शहाणे हसले, आणि का हसतात ते न कळून पहिलीची लेकरंही हसली. बाप टोपी हातात घेऊन उभा होता, आणि थोड्या वेळानं तोही हसला. ते हसू भुजंगनं पाहिलं. माणसानं पाहू नये अशा काही गोष्टी असतात, त्यातली ती एक.

आणि घटकाभरात वर्गात त्याचं नाव पुकारलं गेलं. मास्तरनं हातात खडू ठेवला आणि म्हणाला, "खालच्या शाळेतून आलास ना? नाव लिहून दाखव." फळा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एवढी मोठी पाटी! त्यानं नऊ पावलांवरून दिसेल असं लिहिलं. पहिल्या ओळीतला अण्णासाहेब, तेव्हाचा अण्णा, आ वासून बघत होता. "वळण चांगलं आहे रे," मास्तर म्हणाला, "कुणी शिकवलं?" 'अक्कानं' हा शब्द भुजंगच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात त्याला ओसरीवरचं हसू ऐकू आलं. आणि आठ वर्षांचा भुजंग म्हणाला, "मला अक्षर शिकवलं ते दीनानाथ गुरुजींनी."

कुणी हसलं नाही. खोटं पचलं. मग ते पचतच गेलं. मॅट्रिकच्या सत्कारात, नोकरीच्या मुलाखतीत, निरोपसमारंभात, दर वेळी तेच. एकदा बोललेलं माणूस पुन्हा बोलतं, कारण पहिल्यांदा का बोललो ते सांगायची हिंमत होत नाही. अक्का दुसऱ्या दिवसापासून सरकी निंदायला गेली, आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन परतूरकडं आष्टीला. अंगठा मात्र तिनं कधी उठवला नाही. रेशन असो, मतदान असो, सही करायची. पण शिक्षणाच्या रकान्यात तिच्यापुढं दर वेळी निरक्षर असं पडायचं, कारण पुरावा नाही. आणि पुरावा मागणारी माणसं कशी असतात हे भुजंगला सांगायला नको होतं. चौतीस वर्षं तो टेबलाच्या अलीकडं बसून तेच म्हणत आला होता, "कागद आणा."

फोन वाजला. अण्णासाहेब.

"भुजंगराव, पाह्यलं का? फोटो एक नंबर आलाय राव. नवरदेव!"

"ते मी लिहिलेलं न्हाई अण्णासाहेब."

"थोडं बारीक केलं ओ. चाराचं एक पान केलं. जागाच न्हाई."

"बियाण्याच्या जाहिराती किती पानं हायेत?"

पलीकडं खोकला. "आता जाहिरातीवर तं पुस्तक निघून राह्यलं. तुम्ही बी ना."

"खोली कुठं गेली?"

"हे पाहा, आनंदाचा कार्यक्रम. बाहेरून लोकं येणार, पाहुणे येणार. त्यात जुन्या खपल्या काढून काय फायदा? आपण दोघं सोबत शिकलो, एका वर्गात. का न्हाई?"

"खपली माझ्या अंगावर हाय. तुम्हाला कुठं दुखून राह्यलं?"

"अहो, मी काय नाही म्हणतो का? पण पुरावा पायजे ना. दैवशालाबाईंचं तुम्ही लिहिलं, शाळेच्या पहिल्या शिक्षिका म्हणून. मी सोता जुनं रजिस्टर काढलं, धूळ खाल्ली. शिक्षकात सोडा, विद्यार्थ्यातबी त्यांचं नाव न्हाई. कागदावर त्या शाळेतच नव्हत्या. उद्या कुणी विचारलं तं मी काय दाखवू?" मग आवाज मऊ झाला. "असं करू. त्यांना स्टेजवर बोलवू आन ज्येष्ठ महिला म्हणून साडीचोळी देऊ. मानानं."

"शिकवल्याचा मान देत असाल तं द्या. साड्या हायेत तिच्याकडं."

"मंग तुमची मर्जी. चारला मशीन चालू होती. हे पान पायजे तं हो म्हणा, न्हाई तं काढतो. तुमचा सत्कारबी ठेवलाय, इसरू नका."

फोन बंद झाला. शेजारचा म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "भावकीचं भांडण हाय का?" भुजंग म्हणाला, "तसंच समजा." सव्वातीन झाले होते. हो म्हटलं तर शाळेच्या शंभर वर्षांत साळवे घराण्याचा एक फोटो राहील. संघपाल फ्रेम करील. आणि फोटोखाली ते वाक्य राहील, तो मेल्यावरही, अक्का मेल्यावरही. आजवर ते हवेत बोललेलं होतं. आता ते कागदावर जाणार होतं, आणि कागदाची ताकद काय असते ती त्याला ठाऊक होती. तो कागद रजिस्टरच होणार होता. दुसरं.

"आष्टीला लाव," तो यशश्रीला म्हणाला. "आत्याआजीला. आन स्पीकर कर."

बऱ्याच वेळानं उचलला. मागं शेळी ओरडत होती आणि कुणीतरी मिरच्या कुटत होतं. "कोण? भुजंगा? डोळ्याचं काय म्हणला डाक्टर?"

"अजून आत न्हाई घेतलं. अक्का, तुला एक सांगायचंय. साठ वर्षं झाली, सांगायचं राह्यलं."

"मंग सांग की लवकर, चुलीवर कालवण हाय."

"मोठ्या शाळंत पहिल्या दिवशी मास्तरनं मला विचारलं, अक्षर कुणी शिकवलं. मी गुरुजीचं नाव सांगितलं. तुझं न्हाई."

कुटण्याचा आवाज थांबला. "ठावं हाय मला."

"तुला कसं?"

"तुझी पाटी माझ्यापाशीच राह्यल्ती. द्याया आल्ते. खिडकीखाली व्हते उभी."

भुजंगच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. औषध असेल. "मंग कधी बोलली न्हाईस?"

"काय बोलू? मी तं पाहून राह्यले व्हते, गुरुजीचं नाव घेतल्यावर तरी तुला पुढं बसवतेत का."

यशश्रीनं न राहवून विचारलं, "बसवलं का आजी?"

"न्हाई ग माय. दारापाशी, जोड्याजवळ." मग अक्का हसली, खोकल्यासारखं. "मंग म्हणलं, पोराचं खोटंबी वाया गेलं."

भुजंगनं तिला सगळं सांगितलं, पान, फोटो, साडी. ती ऐकत होती, मधून शेळीला शिव्या देत होती. शेवटी म्हणाली, "माझं नाव छापलं न्हाई तं मी काय मरून राह्यले का? पर तू खोटं छापू नको. आता तं तू आठ वर्षांचा न्हाईस." मग थांबून म्हणाली, "आन लिहिशील तं गुरुजीचंबी नीट लिही. लई जीव तोडायचं बिचारं. उन्हात घामानं भिजायचं. आत सावली व्हती. आलं न्हाई."

फोन ठेवल्यावर भुजंगनं डोळे उघडले. नर्सनं सांगितलं होतं तरी उघडले. उजेड अंगावर आला, समोरची यशश्री नुसता एक डाग झाली.

"अण्णासाहेबांना लिही, माझं पान काढा. आन ते गावच्या शाळेचा ग्रुप हाय ना, माजी विद्यार्थ्यांचा? त्यात लिही. मी सांगतो तसं. सुधारू नको."

"हं, सांगा."

"मी, भुजंग रामकिसन साळवे. मला अक्षर शिकवलं ते माझी बहीण दैवशाला हिनं, महारवाड्याच्या वेगळ्या शाळेत. गुरुजी बाहेर उभे राहायचे. तेवीस लेकरांचा हात तिनं धरला. तिचं नाव रजिस्टरात न्हाई, कारण माझ्या बापाला वाटलं ती मास्तरीण हाय. मी आठ वर्षांचा असताना भर वर्गात खोटं बोललो, आन साठ वर्षं बोलत राह्यलो. पुरावा मी हाय. ज्याला पायजे त्यानं येऊन विचारावं."

यशश्रीची बोटं थांबली. "आबा, बाबांना आधी विचारायचं का?"

"पाठव."

तिनं पाठवलं. नर्स येऊन ओरडून गेली, पुन्हा थेंब टाकून गेली. भुजंग मान मागं टेकून बसला. चार वाजायला पाच मिनिटं होती.

"आबा," यशश्री हळू आवाजात म्हणाली, "मेसेज काढून टाकला त्यांनी. अण्णासाहेबांनी. ॲडमिन आहेत ना ते."

"किती जणांनी वाचला?"

"एक्केचाळीस."

"परत पाठव."

"परत काढतील."

"काढू दे. त्यांचं ते काम करून राह्यले. तू पाठव."